बोलोतचे पिंगट केस

किर्गिझस्तानातल्या नारीनमध्ये पाहुणा आला की आधी त्याच्या हातात नानचा तुकडा देतात. कुंदुज तो घ्यायची आणि न खाता खाली ठेवायची. घरोघरच्या बायकांना याचा राग यायचा.

मटण, दूध, नान, तिला काहीच चालत नसे. ती तान्ही असताना डॉक्टर अनारकुल यांनी रक्त तपासून तिच्या आईला, झियाशला, तसं बजावलं होतं. बटाटे, गाजरं, सफरचंदं आणि दुधामटणाची उणीव भरून काढणारी, मॉस्कोहून येणारी उग्र वासाची पावडर, यावर पोर वाढली. लग्नकार्यात म्हातारे ज्याच्या-त्याच्या मानाप्रमाणे मेंढीची मांसासकट हाडं वाटत, तेव्हा ती दाराजवळ आपला डबा उघडून बसायची.

"झियाश, मुलगी पाळलीस की ससा गं?" चुलती म्हणायची. सगळे हसायचे. आई मान खाली घालून चहा ओतत राहायची.

थोरला भाऊ बोलोत बोलतच नसे. घरात सगळ्यांचे केस काळेभोर, त्याचे तेवढे पिंगट. अंगाला उंदराच्या बिळासारखा कुबट वास. चिडला की भिंतीवर डोकं आपटायचा. "जन्मताना नाळ गळ्यात अडकली त्याच्या," आई सांगायची आणि चरबीचा मऊ तुकडा निवडून त्याच्या तोंडात घालायची. "एवढंच तर सुख आहे लेकराला."

कुंदुज राजधानीत, बिश्केकला, जीवरसायनशास्त्र शिकायला गेली. एका तासाला तिचाच आजार फळ्यावर आला. प्रथिनं ज्या लहान रेणूंची बनतात, त्यातल्या एकाचं रूपांतर करणारं एन्झाइम यकृताच्या पेशींत नसतं. मग तो रेणू रक्तात साचतो आणि वाढत्या मेंदूची नासाडी करतो. केसांचा रंगही त्याच रूपांतरातून तयार होतो, म्हणून केस फिके पडतात. अंगाला कुबट वास येतो.

शेजारची मुलगी लिहून घेत होती. कुंदुजचं पेन 'कुबट वास' या शब्दांवर थांबलं होतं.

सुट्टीत तिने बोलोतची लघवी बाटलीत घेतली आणि गावच्या दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत एकटीने तपासली. लोहाच्या क्षाराचे थेंब पडताच नळीत हिरवा रंग उतरला: तोच आजार. तिने नळी धुऊन टाकली, ओटा पुसला आणि बाहेर पायरीवर बसून राहिली. हे सांगणार कुणाला? ज्या हातांनी आईने त्याला इतकं मायेनं भरवलं, त्या हातांबद्दल आईला काय सांगायचं?

पण गप्प राहूनही चालणार नव्हतं. मेंदूचं नुकसान भरून येत नाही, मात्र आहार बदलला तर अशी माणसं शांत होतात, हे तिने वाचलं होतं.

"आपा," ती आईला म्हणाली, "बोलोतला माझं जेवण देऊन बघू या का?"

झियाशने हातातली सुरी खाली ठेवली. "कळलं तर तुला."

"म्हणजे? तुला ठाऊक होतं?"

"अनारकुलबाईंनी तेव्हाच सांगितलं. याला बघूनच तर त्यांनी तुझं रक्त घेतलं. मीच म्हटलं, कुणाला सांगू नका. तू भावाच्या जिवावर वाचलीस, असं तुला वाटायला नको."

"पण मग त्याला का नाही बदललंस?"

"पावडर एकीपुरतीच मिळायची. त्या म्हणाल्या, याचं आता व्हायचं ते होऊन गेलं." झियाशने सुरी पुन्हा उचलली. "मग म्हटलं, खाऊ दे पोटभर."

कुंदुजला आईजवळ सरकावंसं वाटलं. पण त्या घरात कुणी कुणाला मिठी मारत नसे. ती बटाटे सोलायला बसली.

सुरुवातीचे दिवस वाईट गेले. बोलोतने वाट्या फेकल्या, मटणासाठी शेजारच्या दारात जाऊन हंबरडा फोडला. चुलती येऊन ओरडून गेली, "खुळ्या पोराला उपाशी मारताय का गं दोघी?" तरी झियाश हटली नाही. कुंदुज बिश्केकहून पावडर पाठवत राहिली. हिवाळा सरता सरता त्याचं डोकं आपटणं थांबलं. तो रात्रभर झोपू लागला, आईला केस विंचरू देऊ लागला. शब्द मात्र फुटला नाही.

कुंदुज बिश्केकमध्येच प्रयोगशाळेत नोकरीला लागली. बघायला आलेल्या दोन स्थळांनी तिचं पान पाहून नकार दिला. रविवारी ती फोन करायची.

"काय करतोय तो?"

"खिडकीत बसलाय."

"दे त्याला."

फोनमधून नुसता श्वास ऐकू यायचा. आई फोन परत घेईपर्यंत कुंदुज तो ऐकत राहायची.