वाळूत उमटलेली ओली पावलं

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या बायकांना मी आजवर "उन्हात फिरू नका गो, डोकं तापलंय तुमचं" म्हणत हसत आले. आता तुम्ही मला हसा... चालेल मला.

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, पण संसार सगळा कुवेतमध्ये, महबूला भागात झाला. लेक रेहाना इथेच वाढली. आता ती उत्तर ध्रुवाकडच्या मुलखात जमीन तपासते — बारा महिने गोठलेली, पोटात हजारो वर्षांचा पालापाचोळा न कुजता पडलेला. गरमी वाढली तशी ती जमीन वितळतेय, पाय टाकला की भसकन खाली! आणि हिला तिथे आणखी दोन वर्षं राहायचं होतं.

"अम्मी, तो पाला कुजून गॅस सुटतो. त्याने तुमचा तिथला उन्हाळा अजून तापतो. कुणीतरी बघायला नको?"

"कुणीतरी बघू दे. तू नको. मी दुआ देणार नाही."

"देन आय वोन्ट स्टे," म्हणाली आणि फोन ठेवला. दोन दिवस मी फोनकडे बघत बसले.

ऑगस्टची दुपार. नळाला उकळतं पाणी येण्याचे दिवस. बिल्डिंगमागचा वाळूचा रिकामा प्लॉट ओलांडून मी कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, खुबूसच्या रोट्या आणायला निघाले. मध्यावर पाय रुतला. मऊ... गादीत रुतावा तसा. आणि थंड! गुडघ्यापर्यंत गारवा चढला. वळून बघते तर माझं एकेक पाऊल पाण्याने भरलेलं — कोऱ्या चहाच्या रंगाचं. वास जुन्या ओल्या पाल्याचा. भीती नाही वाटली, खोटं कशाला सांगू... बरं वाटलं.

दुकानातला मलबारी माझ्या चपला बघून म्हणतो, "चाची, समुंदर में गया था क्या?"

परतताना सगळी वाळू कोरडी ठणठणीत.

रेहानाला फोन लावला. सगळं सांगितलं. तशी ती हळूच म्हणाली, "अम्मी, इथल्या पाण्याचा हा रंग मी तुला कधी सांगितलाच नव्हता."

"तुझ्या जमिनीवर चालून आले म्हण. बुडाले नाही. राहा आता तू तिथे, दुआ आहे माझी. पण काठीने टोचल्याशिवाय पाऊल टाकशील तर बघ!"

"येस बॉस!" रडत होती की हसत, कोण जाणे.

ती तिकडे खूश आहे, मी इकडे. शेजारीण म्हणते, पाइप फुटला असेल. ऑगस्टात, थंड पाणी? इथे धुतलेली चादर दोरीवर टाकेपर्यंत वाळते हो... आणि बाल्कनीतल्या त्या चपलांना आजही बोट लावलं तर ओलं होतं. का, ते मला ठाऊक नाही. फेकवत नाहीत, एवढं खरं.