फोनवर तिची चौकशी

आमच्या हॉस्पिटलवर सायबर हल्ला झाला त्या सकाळी ओपीडीतले सगळे कॉम्प्युटर एकदम काळे पडले, आणि प्रत्येकावर इंग्रजीत एकच वाक्य उमटलं: तुमच्या फाइली आमच्याकडे आहेत. मी तिथल्या कॉम्प्युटर विभागात आहे. वेबसाइट आणि पेशंटची माहिती सांभाळणं हे आमचंच काम. बाहेर अर्धं घाटकोपर केसपेपरसाठी ताटकळत होतं, आत आम्ही वायरी उपटत होतो.

बॅकअप शाबूत होता. हॉस्पिटल सुरू झालं आणि सगळ्यांना वाटलं, सुटलो. मला तसं वाटेना. घरफोडीत कपाट रिकामं दिसतं. इथे सगळं जागच्या जागी होतं आणि तरीही गेलेलं होतं.

काही आठवड्यांनी रिसेप्शनवरून एका काकांना माझ्याकडे पाठवलं. दहिसरहून आले होते. इस्त्रीचा शर्ट, हातात मोबाइल.

"माझ्या मिसेसचा रिपोर्ट आलाय म्हणे. इथून फोन आला होता."

मी नाव विचारून स्क्रीनवर पाहिलं. काकू फुप्फुसाच्या आजाराने आमच्याकडेच वारल्या होत्या. माझी मान वर होईना.

"काका, काकू तर..."

"माहितीय गं. स्मशानात मीच उभा होतो ना." ते शांतपणे खुर्चीत टेकले. "पण फोनवरच्या माणसाला सगळं माहीत होतं. कुठला वॉर्ड, गोळी चुरून द्यायला लागायची, डाव्या कुशीवर वळली की धाप लागायची. म्हणाला, आता खोकला कसा आहे त्यांचा?"

ते शब्द नर्सच्या नोंदींतले होते. चोरांनी जुन्या नोंदींचा सर्व्हर उपसला होता. काकूंची शेवटची फाइल दुसऱ्या सर्व्हरवर होती, ती त्यांच्या हाती लागली नव्हती. त्यांच्या लेखी काकू आधीच्या खेपेला डिस्चार्ज घेऊन घरी गेल्या होत्या. जिवंत होत्या.

"तुम्ही काय सांगितलंत?"

"बरा आहे म्हटलं." काका खाली बघत होते. "मग कसला तरी नंबर मागायला लागला. मला तो सापडेना, मी फोन ठेवला. आता रोज करतो. मी उचलतो."

तो फसवणारा आहे, ओटीपी मिळाला की बँकेतलं सगळं काढून घेईल, हे मी समजावलं. ते ऐकत होते. मी नंबर ब्लॉक करायला मोबाइल मागितला, तर त्यांनी तो छातीशी धरला.

"राहू दे ना. ती गेल्यापासून तिची कोणी चौकशी केली नाही. पोरगा विषयच काढत नाही, मला त्रास होईल म्हणून. हा तरी विचारतो."

मी पुढे केलेला हात मागे घेतला. मग तेच म्हणाले, "तुझ्याकडे पण लिहिलेलं असेल ना? तू वाच."

मी रेकॉर्ड विभागाच्या बाईंची परवानगी घेतली आणि शेवटची फाइल उघडली. आधी ताप, ऑक्सिजन, सलाइन. मग एका सकाळची नोंद: पेशंटने चहा मागितला, दोन घोट घेतले.

"मीच पाजला," काका म्हणाले. "साखर कमी आहे म्हणून ओरडली माझ्यावर." ते हसले, आणि हसता हसता त्यांनी तोंडावर रुमाल धरला. मग विचारलं, "हे आहे त्याच्याकडे?"

"नाही काका. हे फक्त आपल्याकडे आहे."

त्यांनी मोबाइल टेबलावरून माझ्याकडे सरकवला. "मग कर बंद."

मी नंबर ब्लॉक केला, त्यांच्या मुलाला फोन लावून बँकेचं सांगितलं आणि सायबर पोलिसांकडे तक्रार दिली. पण चोर सापडले नाहीत. कुठे बसले आहेत, अजून कुणाची फाइल उघडून वाचताहेत, देव जाणे.

पुढे आम्ही सगळ्या पेशंटना सावधगिरीचे मेसेज पाठवले. संध्याकाळपर्यंत उत्तरं यायला लागली. ठीक आहे. थँक यू. आणि मधूनच एखादं, पेशंटच्याच नंबरवरून: ते आता नाहीत.

अशा मेसेजना काय उत्तर द्यायचं, हे कुणी ठरवलं नव्हतं. त्या घरांना मी स्वतः फोन केले. पलीकडून पहिला प्रश्न जवळजवळ सगळ्यांचा एकच असायचा: "तुम्ही नक्की हॉस्पिटलमधूनच बोलताय ना?"