शुक्राच्या दोन चांदण्या
मोहफुलांचा वास आला की मानोऱ्याजवळच्या तांड्यावरची एक म्हातारी आठवते. इंग्रजी अमलात मी तिथं नवा मास्तर होतो. एका संध्याकाळी पश्चिमेकडं बोट दाखवून ती म्हणाली, "मास्तर, पहाटची शुक्राची चांदणी अन् ही एकच हाय." "येडी झाली का, आजी? दोन अलग हायेत," म्हणत मी हसलो, तसे भोवती बसलेले सगळेच हसले. पुढं शाळेतल्या पुस्तकात वाचलं, की शुक्र हा एकच ग्रह कधी सूर्याआधी उगवतो, कधी सूर्यामागून मावळतो. चूक कबूल करायला गेलो, तर तीच म्हणाली, "तुमी शिकेल मानूस. नातवायले मी आता दोनच सांगून राह्यली." भोवती माणसं बसलेली. मी नुसती होकारार्थी मान डोलावली, तिनं दिलेलं ताक प्यायलो आणि परतलो. आज तिच्या वयाला पोचलोय, पण त्या होकाराची लाज अजून गेलेली नाही.