कोरियाचं पुस्तक: हे की हे?

चष्मेवाल्यांनी उभ्या आयुष्यात लोकांना एकच प्रश्न विचारला. गिऱ्हाईक दुकानातल्या उंच खुर्चीत बसायचं, त्याच्या नाकावर ती जड चौकट चढायची, चष्मेवाले तिच्यात एक भिंग सरकवायचे, काढून दुसरं सरकवायचे आणि विचारायचे, "हे बरं, की हे?" त्यामुळे अख्खा बाजार पाठीमागे त्यांना 'हे-की-हे' म्हणायचा. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. कुणी फारच घुटमळलं तर ते ठासून सांगायचे, "पहिल्यांदा वाटलं तेच खरं. पुन्हा पुन्हा बघाल तर डोळा थापा मारायला लागतो."

हे तत्त्वज्ञान दुकानाच्या उंबरठ्याबाहेर मात्र कधी पडलं नाही. घरी साधे पायमोजे घ्यायचे तरी दोन-दोनच्या कुस्त्या लागायच्या. हरलेला बाद, जिंकलेला पुढच्याशी भिडणार. घरातला पंखा असाच निवडला गेला, तोवर उन्हाळा संपला होता. बायको एवढंच म्हणायची, "नशीब, मला एकाच फेरीत पसंत केलंत." तेव्हा समोर दुसरी कुणी नव्हतीच, हे खरं उत्तर द्यायचा मूर्खपणा त्यांनी कधी केला नाही.

या बायकोला काचबिंदू निघाला. या दुखण्यात नजर मधून जात नाही, कडेकडेने कुरतडली जाते, आणि ज्याची जाते त्याला पत्ता लागत नाही. चष्मेवाल्यांनी हे बाजारातल्या कितीतरी लोकांना समजावून सांगितलं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी थेंब लिहून दिले आणि आडपडदा न ठेवता म्हणाल्या, "गेलेलं परत येत नाही, आहे ते टिकवायचं बघू. पण काही बघायचं मनात असेल तर उगाच पुढे ढकलू नका."

जिना उतरता उतरता बायको म्हणाली, "कोरिया."

यात नवल नव्हतं. गेली काही वर्षं ती टीव्हीवर कोरियन मालिका बघत होती. तिकडे वडीलधाऱ्यांकडून काही घेताना दोन्ही हातांनी घेतात, हे तिनं तिथूनच उचललं. चहाचा कप ती दोन्ही हातांनी घ्यायला लागली, तेव्हा चष्मेवाले "या, राणीसाहेब" म्हणून तिची फिरकी घ्यायचे.

"तिथले राजवाडे बघायचेत," ती म्हणाली. "त्यांचा तो पायघोळ पोशाख, हानबोक, तो अंगावर घालून. झाडांची पानं लाल होतात तेव्हा."

"जाऊ की," चष्मेवाले म्हणाले. "आधी एक चांगलंसं पुस्तक घेऊ. परक्या मुलखात आंधळ्यासारखं कशाला फिरायचं?" बोलून गेले आणि जीभ चावली.

मग सुरू झालं नमनाला घडाभर तेल. पुस्तकांच्या दुकानातली बाई त्यांच्याकडूनच चष्मा करून घ्यायची, म्हणून पसंत पडेपर्यंत पुस्तकं घेऊन जायची तिनं मुभा दिली. त्या बिचारीला काय कल्पना! एका जाडजूड पुस्तकात राजांचा इतिहास खच्चून भरलेला, पण अक्षरं मुंगीएवढी. एक गुळगुळीत फोटोंचं, त्यात देवळं दोन आणि कॉफीची दुकानं शंभर. एकातला नकाशा उलगडायचा झोकात, पण पुन्हा घडी घालायला घरातली सगळी माणसं लागायची. दुसरा कुणी असता तर त्यानं बघितलं असतं की कुठं काय बघावं, कसं जावं. चष्मेवाले पुस्तक दिव्याखाली धरायचे, वीतभर लांब न्यायचे, डोळे बारीक करून नकाशातलं सर्वांत लहान स्टेशन वाचायचे. ते वाचता आलं नाही की पुस्तक नापास.

पुढे पुढे गिऱ्हाइकंही या कामाला जुंपली गेली. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता राहिला बाजूला, चौकट चढवलेल्या माणसाच्या हातात ते सरळ पुस्तकाचं पान द्यायचे.

"काय दिसतं?"

"जमिनीखालून ऊब येणाऱ्या खोल्या... आत जाताना बूट बाहेर काढावेत."

"छान. आता हे घ्या. हे बरं, की हे?"

असं होता होता अर्ध्या बाजाराला कोरियाच्या राजधानीतली, सोलची भुयारी रेल्वे पाठ झाली. गेलं कुणीच नाही. लाल पानांचा मोसम आला आणि पुस्तक ठरायच्या आत निघूनही गेला. मग चष्मेवाल्यांना कळलं की एका पुस्तकाची नवी आवृत्ती येणार आहे, आणि त्यांना केवढं हायसं वाटलं!

"भावोजी," मेहुणी म्हणाली, "एवढ्या वेळात त्यांनी आणखी एक राजवाडा बांधला असता."

सगळे हसले. बायकोही हसली, पण हसून झाल्यावर तिनं विचारलं, "पुढच्या वर्षी तरी नक्की ना?"

चष्मेवाले घाबरले होते, ही खरी गोष्ट. पुस्तक ठरलं की तिकीट काढावं लागणार, तिकीट काढलं की जावं लागणार, आणि जाऊन आलं की बघायचं राहिलेलं काही उरणार नाही. त्याच्या पुढे काय, हे त्यांना बघायचं नव्हतं. म्हणून ते आणखी एक पुस्तक मागवायचे.

शेवटी दोनच पुस्तकं उरली. त्या दुपारी दुकानात कुणी नव्हतं. बायको डबा घेऊन आली, तसं चष्मेवाल्यांनी तिला उंच खुर्चीत बसवलं. अंतिम सामना निदान थाटात व्हावा म्हणून ते तिच्यासमोर उभे राहिले, एकेका हातात एकेक पुस्तक घेऊन दोन्ही हात पसरले आणि विचारलं, "हे बरं, की हे?"

तिनं आपल्या उजवीकडच्या पुस्तकाकडे बघितलं. त्यावर राजवाड्याचा दरवाजा होता. "छान आहे. घ्या हेच."

"अगं, दुसरं तर बघ."

"दाखवा ना मग."

चष्मेवाल्यांना वाटलं, चेष्टा करतेय. त्यांनी तिच्या डाव्या अंगाचं पुस्तक थोडं आत आणलं.

"कुठाय? दाखवा की."

आणखी थोडं आत आणलं. ती शांतपणे समोर बघत वाट पाहत होती. पुस्तक जवळजवळ नाकासमोर आलं तेव्हा कुठे ती म्हणाली, "हं, हे होय!"

चष्मेवाल्यांनी दोन्ही पुस्तकं खाली ठेवली. मग त्यांनी विचारलं, "तू कप दोन्ही हातांनी घेतेस, ते..."

"आधी मालिकेत बघून घ्यायचे. आता चाचपायला बरं पडतं." ती डब्याचं झाकण उघडायला लागली. "तुम्ही राणीसाहेब म्हणायचात. म्हटलं, असू दे."

त्यांना रडू आलं. गिऱ्हाइकाच्या खुर्चीशेजारी उभं राहून, भरदुपारी, ते रडले. मग नाक पुसून त्यांनी तिकीटवाल्याला फोन लावला.

"सकाळचं विमान बघू की रात्रीचं?" तिकीटवाल्यानं विचारलं.

"पहिलं मिळेल ते."

"पण आत्ता तिकडे झाडं उघडी असतील हो. नुसतं बर्फ."

चष्मेवाल्यांनी बायकोकडे बघितलं.

"बर्फ तर बर्फ," ती म्हणाली.

त्या दिवशी दुकान लवकर बंद झालं. घरी जाताना चष्मेवाले तिच्या डाव्या बाजूनं चालले. जन्मभर उजवीकडून चालायची सवय, त्यामुळे दोनदा ठेचकाळले.

"अहो, नीट बघून चाला की," बायको म्हणाली.