घ्या तुमचा काटा

"घ्या तुमचा काटा," म्हणून मामा माझ्या तळहातावर काटा ठेवायचे आणि मगच ट्यूबला हात लावायचे.

पंक्चर काढणारा माणूस ट्यूब पाण्यात बुडवतो, बुडबुडे शोधतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. मामा ट्यूब बाजूला ठेवायचे आणि आधी टायरात हात घालायचे. डोळे मिटून बोटं आतून हळूहळू फिरवत न्यायचे. काटा सापडेपर्यंत त्यांना काही विचारायची सोय नव्हती. बोरीच्या बसस्टँडजवळ, लिंबाखाली त्यांची पत्र्याची टपरी होती.

मी शिक्षिका. शाळा गावापासून चार किलोमीटरवर, वस्तीवर. बाकीच्या सगळ्या मॅडम स्कूटीवर जातात. मी एकदा स्कूटी शिकायला गेले ती थेट कडब्याच्या गंजीत घुसले, तेव्हापासून तिचं नाव काढलं नाही; आपली सायकलच बरी. आणि सायकलची वाट म्हणजे दोन्हीकडून वेडी बाभळ. त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी मामांचं दर्शन ठरलेलं.

"मामा, शाळा भरायची वेळ झाली. नवी ट्यूब टाका आणि मला मोकळी करा."

"कामून? हिला काय झालंय?"

"अहो, नऊ ठिगळं आहेत तिला!"

"मंग? नऊ ठिकाणी मजबूत हाय."

आता या माणसाशी काय बोलणार! खिळ्याला नव्या ट्यूबा टांगलेल्या होत्या, त्यांच्यावर धूळ साचली होती. कुणी मागितलीच तर मामा जुनीवरून हात फिरवून म्हणायचे, "लय जान हाय आजून हिच्यात." व्हॉल्वपाशी फाटली असेल तर मात्र स्वतःच "संपली बगा" म्हणायचे, तेही हळू आवाजात. मी फारच घाई केली की ऐकवायचे, "नवी घाला न्हाईतर सोन्याची घाला, काटा आत हाय तवर उपेग न्हाई."

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी त्यांनी फार वेळ लावला. तीनतीनदा हात फिरवला. मग माझ्याकडे पाठ करून फळीवरच्या डबड्यात काहीतरी चाचपलं आणि वळून म्हणाले, "घ्या तुमचा काटा."

काटा वाळून करडा पडलेला होता, टोक मोडकं, त्याला जुनं सोल्यूशन चिकटलेलं. मी रोज वह्या तपासणारी बाई, नक्कल मला लगेच कळते. पण उशीर होत होता, म्हणून तशीच निघाले.

अर्ध्या वाटेवर, ओढ्यापाशी, चाक पुन्हा बसलं. दोन किलोमीटर सायकल ढकलत नेली. मुलं फाटकाशी उभी, हेडमास्तर ओट्यावर उभे. त्या दिवशी मी मामांना मनातल्या मनात जे जे बोलले ते इथं लिहीत नाही.

संध्याकाळी भांडायचंच ठरवून गेले. टपरीसमोर चारपाच जण चहा पीत बसले होते. सायकल ढकलत येणारी मी दिसताच मामा उठून उभे राहिले. त्यांनी एकदा त्या लोकांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी तोंड उघडलं असतं तर दिवेलागणीच्या आत ती गोष्ट सगळ्या बोरीत झाली असती.

"मामा, दुसरा काटा घुसला वाटतं," मी म्हणाले.

लोक उठून गेल्यावर मामा खाली मान घालून म्हणाले, "बाई, सकाळचा काटा तुमचा नव्हता. डबड्यातला व्हता."

"माहीत आहे मला."

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "शुगरनं बोटं बधिर झालीत. काटा टोचला तरी कळंना. कुनाला बोलू नका, बाई. लोकं यायची न्हाईत. घरी बसून म्या काय करू?"

माझा सगळा राग कुठल्या कुठं गेला. मी पदर खोचला, पोत्यावर बसले आणि टायर मांडीवर ओढला.

"हळू फिरवा, बाई. वह्या तपासायलात का?"

तेवढ्यात मला टोचलं आणि मी "आई गं!" म्हणून ओरडले. मामा इतके हसले, इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मी काटा उपटून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उजेडात नीट पाहिला आणि परत माझ्या तळहातावर ठेवला.

"घ्या तुमचा काटा."

पुढं रोज शाळेतून येताना मी टपरीवर थांबू लागले. ज्या टायरांतला काटा सापडायचा नाही, ते मामा माझ्यासाठी बाजूला ठेवायचे. मी हात फिरवायची, काटा काढून द्यायची, आणि गिऱ्हाईक आलं की मामा तो रुबाबात त्याच्या हातावर ठेवायचे. बाईंना नसता नाद लागलाय, असं लोक म्हणायचे. म्हणोत बापडे! मला तो माणूस फार आवडायचा. माझे वडील गेल्यापासून मला "हळू" असं सांगणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

पोळा झाला आणि चार दिवसांनी मामा गेले.

परवा सायकल पुन्हा बसली. रस्त्यापलीकडच्या नव्या दुकानात गेले. माणूस मोठा अदबीचा. दहा मिनिटांत नवी ट्यूब घालून, हवा भरून मोकळा झाला.

"काटा?" मी विचारलं.

"कशाचा काटा, मॅडम? ट्यूब नवी घातलीय की."

मी त्याला टायर परत काढायला लावला. तो आणि दुकानातले सगळे बघत राहिले. मी तिथंच खाली बसले, डोळे मिटले, बोटं आतून हळूहळू फिरवत नेली. चांगला बोटाच्या पेराएवढा निघाला.

"फेका तिकडं," दुकानदार म्हणाला.

मी नाही फेकला. जुनी ट्यूब मागून घेतली, पिशवीत टाकली आणि रस्ता ओलांडला. टपरीला कुलूप होतं. बाहेरच्या ज्या फळीवर मामा बसायचे तिच्यावर लिंबाचा पाला पडला होता. तो हातानं बाजूला सारला आणि काटा तिथं ठेवला.

"सापडला बगा, मामा."