पत्ता अज्ञात नव्हता

मला जर्मन येतं ही गोष्ट मेलबर्नमधल्या आमच्या सिनेगॉगमध्ये कुणाला माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. मुळात मी ज्यू आहे हेच तिथल्या लोकांच्या पचनी पडायला काही वर्षं गेली. "तू धर्म कधी बदललास?" असं मला इतक्या प्रेमाने विचारलं गेलंय की आता रागही येत नाही. मी सांगते, आम्ही बेने इस्राएल. आमचे पूर्वज कोकणच्या किनाऱ्याला लागले, तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावात नाव पडलं शनवार तेली. माझा जन्म ठाण्याचा, घरात मराठी, आणि ज्यू म्हणून आमच्याकडून आजवर कुणी काही हिसकावून घेतलेलं नाही. हे शेवटचं वाक्य ऐकलं की समोरचा माणूस हातातला कप खाली ठेवतो. इथल्या बहुतेक घरांमध्ये ते वाक्य कुणालाच बोलता येत नाही.

तर एका शनिवारी प्रार्थना आटोपल्यावर कॉफी घेत उभी होते. शेजारी माझ्याहून थोडी मोठी एक बाई होती, नुकतीच रिटायर झालेली शाळाशिक्षिका. ती कुणाला तरी सांगत होती की व्हिएन्नाहून तिच्या आजोबांच्या बँकखात्याचे कागद स्कॅन होऊन आलेत, सगळे जर्मनमध्ये, आणि कॉम्प्युटरने केलेलं भाषांतर वाचून काही म्हणता काही कळत नाही.

मी म्हटलं, "मला पाठव. मला जर्मन येतं, आणि मी बँकेत आहे."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी साडी नेसून फुटी, म्हणजे इथला धसमुसळा फुटबॉल, खेळते असं म्हणाले असावे.

जर्मन मी पुण्यात कॉलेजात असताना शिकले. एखाद्या जर्मन कंपनीत नोकरी लागेल अशी आशा होती. लागली ती बँकेत, आणि जर्मन कपाटात गेलं. पुढे लग्न, मग नवऱ्याच्या नोकरीपायी ऑस्ट्रेलिया, मुलीच्या शाळेसाठी ग्लेन वेव्हर्ली या उपनगरात घर, आणि शहरातल्या एका बँकेत मी कम्प्लायन्सला. कम्प्लायन्स म्हणजे सोप्या भाषेत सांगायचं तर, खात्यात काही संशयास्पद दिसलं की ते खातं थांबवणाऱ्या टीममध्ये.

फाइल ईमेलने आली. रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले. मला वाटलं होतं, नाझी काळातले कागद म्हणजे शिक्के, गरुड, दमदाटी. तसं काहीच नव्हतं. आमच्या बँकेतून जातात तशीच पत्रं होती ती. वर खाते क्रमांक, मग विषय, मग 'आपल्या अमुक तारखेच्या पत्रास अनुसरून', आणि खाली 'आपला नम्र'.

खातेदाराचं बटणं, रिबिनी, धागेदोरे विकायचं दुकान होतं. नाझींचं राज्य आलं आणि ज्यू म्हणून त्याचं खातं गोठवलं गेलं. पैसे त्याच्याच नावावर, पण काढायचे तर कारण लिहून परवानगी मागायची. मग दुकान विकलं गेलं, त्याची किंमत त्याच बंद खात्यात जमा झाली, आणि नवनवे कर नि दंड त्यातूनच वळते होऊ लागले. मधल्या पानांवर खातेदाराचे अर्ज होते. कोळशासाठी. दाताच्या डॉक्टरसाठी. मुलाच्या बुटांसाठी. या बुटांच्या अर्जावर कुणीतरी निळ्या पेन्सिलीने लिहिलं होतं, 'निम्मी रक्कम मंजूर'. शेवटच्या पत्रात बँक सरकारी कचेरीला कळवत होती: खातेदार स्थलांतरित झाला असून पत्ता अज्ञात आहे, शिल्लक रक्कम खजिन्यात भरली आहे, खातं बंद केलं आहे.

मी त्या फाइलचं ऑडिट करायला बसले असते तर एक शेरा मारता आला नसता. एक सही चुकलेली नव्हती. हे लक्षात आलं तेव्हा मी लॅपटॉप मिटला आणि उगाचच बाहेर जाऊन वाळलेले कपडे काढले. मुलगी मागोमाग आली. "आई, व्हॉट हॅपन्ड?" तिला थोडक्यात सांगितलं. ती म्हणाली, "सो द बँक वॉज पोलाइट? दॅट्स वर्स." सोळा वर्षांची पोर. मला तेवढ्या कमी शब्दांत सांगता आलं नसतं.

पुढच्या आठवड्यात त्या शिक्षिकेच्या वडिलांकडे गेले. वय नव्वदीच्या पुढे. त्या खातेदाराचा मुलगा म्हणजे हेच. बुटांसाठी अर्ज झाला होता तो यांच्याच. नऊ वर्षांचे असताना इतर ज्यू मुलांबरोबर यांना, आई-वडिलांविना, आगगाडीत बसवून इंग्लंडला पाठवलं. आई-वडील मागे राहिले ते राहिलेच. लढाई संपल्यावर एका काकाने मेलबर्नला बोलावून घेतलं. इथे त्यांनी हार्डवेअरचं दुकान चालवलं, चांगलं चालवलं. समोर सगळे त्यांना नावानेच हाक मारतात, इथली रीतच ती. पण हे लिहिताना मी त्यांना आजोबा म्हणते.

त्यांच्या मुलीने, त्या शिक्षिकेने, दारातच मला बाजूला घेतलं. "हळूहळू सांग हं. सगळं एकदम नको."

आतून आवाज आला, "मी बहिरा नाहीये. आण तिला आत."

आजोबा खिडकीशी बसले होते, इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट. मला म्हणाले, "पैशाचं मला काही ऐकायचं नाही. नुकसानभरपाई काय मिळायची ती मिळून गेली, त्यात किचनचं छप्पर नीट केलं. त्यांनी काय लिहिलंय तेवढं वाच. आहे तसं वाच."

मग विचारलं, "तू बँकेत काय करतेस?"

मी सांगितलं. खोटं कशाला बोलायचं? "संशय आला तर लोकांची खाती थांबवते."

मुलीचा चेहरा पडला. आजोबा मात्र हसले. "मग तुला त्यांची भाषा येते म्हणायची."

"येते. पण मी खातं थांबवलं तर माणूस मला का म्हणून विचारू शकतो. माझ्यावर तक्रार करू शकतो, आणि ती तक्रार माझ्या बँकेबाहेरचा माणूस ऐकतो."

"माझ्या बाबांनीही विचारलं होतं की," ते म्हणाले. "विचारणं चालू होतं. ऐकायला कुणी नव्हतं."

मी पहिलं पान पुढे घेतलं. वाचायला लागले. आधी जर्मन, मग इंग्रजी. दुकानविक्रीच्या पत्राशी आले. 'खातेदाराने स्वखुशीने केलेल्या विक्रीची रक्कम.'

"थांब," आजोबा म्हणाले. "काय लिहिलंय? स्वखुशीने?"

"हो."

"मी होतो तिथे. काउंटरखाली बसून बटणं रंगाप्रमाणे लावत होतो. समोरच्या टोप्यांच्या दुकानाचा मालक आला, बरोबर लष्करी बूट घातलेले दोघे. बाबांना म्हणाला, सही कर. बाबा म्हणाले, आधी मुलाला घरी जाऊ द्या. बस्स, एवढंच बोलले. ही स्वखुशी?"

मुलगी म्हणाली, "डॅड, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत."

"तू कधी स्वखुशी म्हणाली नाहीस." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लिहून घे. त्यांना उत्तर पाठवायचंय."

मला वाटलं, रागाच्या भरात बोलताहेत. मुलगी म्हणाली की ती बँक आता त्या नावाने उरलेलीच नाही, दुसरीत विलीन झाली आहे. "मग त्या दुसरीला पाठवू," आजोबा म्हणाले. "दुकान घेतलं की उधारीही येते. मी धंदा केलाय."

त्यांचं बरोबर होतं. मीही कागद काढला.

तीन रविवार आम्ही ते पत्र लिहीत होतो. त्यांना ते जर्मनमध्येच हवं होतं, आणि अडचण तिथेच आली. लढाईनंतर ते जर्मन बोललेच नव्हते. त्यांच्याकडे जी भाषा होती ती नऊ वर्षांच्या मुलाची. 'वाईट माणूस', 'मोठी गाडी', 'आई रडली नाही'. मी पुण्यात शिकलेल्या भारदस्त जर्मनमध्ये ते बसवायला लागले. सुरुवातीचं एक वाक्य तर इतकं छान जमलं की मी खुशीत वाचून दाखवलं.

आजोबा म्हणाले, "हे कुणी लिहिलं?"

"तुम्हीच. मी जरा नीट केलं."

"नीट करू नकोस. हे त्यांच्यासारखं झालं. नऊ वर्षांच्या मुलाचे बूट निम्मे मंजूर केलेत ना, मग उत्तरही नऊ वर्षांच्या मुलाकडून घेऊ देत."

मी माझं वाक्य खोडलं. थोडं जिवावर आलं, पण खोडलं. एका गोष्टीवर मात्र मी अडून बसले. वर खाते क्रमांक आणि विषय घालायचाच. त्यांना ते नको होतं. "मी काय त्यांचं गिऱ्हाईक आहे?" मी म्हटलं, "आजवर मी असंख्य पत्रं पाहिली आहेत. खाते क्रमांक नसलेलं पत्र कुठल्याही बँकेत कुठल्याच फाइलला लागत नाही. ते ट्रेमध्ये फिरत राहतं आणि हरवतं. तुम्हाला त्यांच्या फाइलमध्ये शिरायचंय ना?" त्यांनी जरा विचार केला आणि मान डोलावली. "फेअर इनफ, मेट."

पत्राची सुरुवात अशी झाली: 'महोदय, उत्तराला उशीर झाला, कारण तुमचं पत्र मला आत्ता मिळालं.' पुढे विक्रीची हकिगत, काउंटरखालच्या बटणांसकट. मग फाइलमध्ये लावलेल्या, घरातल्या सामानाच्या यादीतला 'एक सायकल, लहान, मूल्य नाही' हा उल्लेख. त्याला उत्तर होतं, 'ती लाल होती आणि तिची घंटा वाजत होती.' आणि शेवटी:

'माझ्या आई-बाबांचा पत्ता अज्ञात नव्हता. ज्या पत्त्यावर तुम्ही त्यांना पत्रं पाठवत होता, त्याच पत्त्यावरून त्यांना नेलं. शेजारच्या बाईंनी खिडकीतून पाहिलं आणि पुढे मला पत्राने कळवलं. कृपया दुरुस्ती करावी.'

'कृपया दुरुस्ती करावी' हे शब्द माझे. ते तेवढे त्यांनी ठेवू दिले.

सही करताना त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि पूर्ण नाव लिहिलं. मुलगी खुर्चीमागे उभी होती. पोस्टात आम्ही तिघं मिळून गेलो. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, आत किमती काही आहे का? आजोबा म्हणाले, "हो." मग तिने दोनदा विचारल्यावर म्हणाले, "कागद आहे, डिअर. नुसता कागद."

उत्तर येईल अशी मला आशा नव्हती, आणि आलं तर ते वकिलाचं असेल अशी खात्री होती. बँकांना मी ओळखते. पण आलं ते त्या नव्या बँकेच्या जुन्या दस्तऐवजांची व्यवस्था पाहणाऱ्या बाईंचं. सरळ साधं पत्र. त्यांनी लिहिलं होतं की जुना कागद बदलता येत नाही, तो जसा आहे तसाच जपावा लागतो. पण तुमचं पत्र त्याच खात्याच्या फाइलमध्ये, शेवटच्या पानानंतर लावलं आहे. यापुढे ही फाइल जो कुणी मागेल, त्याच्या हातात तुमचं उत्तरही पडेल. आणि खाली, नियमात न बसणारी एक ओळ: लाल सायकलचं वाचून मी बराच वेळ काम करू शकले नाही.

मी फोनवर ते वाचून दाखवलं. मग आजोबा म्हणाले, "म्हणजे आता शेवटचं पान माझं."

"हो, तुमचं."

"पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. त्यांनी नाक शिंकरलं, आणि आवाज सावरून म्हणाले, "सर्व्हिस सुधारली म्हणायची."

माझ्या घरची पद्धत अशी की मोठं काम तडीस गेलं की मलिदा करायचा. एलियाहू हनाबीचं, म्हणजे आमच्या एलिया प्रेषिताचं, नाव घ्यायचं, त्याचे आभार मानायचे. मी त्या दोघांना ग्लेन वेव्हर्लीला बोलावलं. भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची, वर बदाम-काजू, भोवतीने फळं. नवऱ्याने प्रार्थना म्हटली. आमची चाल ऐकून आजोबांनी भुवया उंचावल्या. हिब्रू शब्द त्यांच्या ओळखीचे, सूर मात्र कोकणातला.

ताट पुढे केलं तर म्हणाले, "ज्यू लोक हे खातात?"

"खातात. कोकणात लागलो तेव्हापासून खातोय."

त्यांनी एक चमचा तोंडात टाकला. सावकाश चावला. माझी मुलगी शेजारी बसून त्यांच्याकडे टक लावून पाहत होती. तिला वाटत होतं, हे काही आवडणार नाही.

"आणि तुमच्याकडे कुणी काहीच नेलं नाही? कधीच?"

"कधीच नाही," मी म्हटलं. पूर्वी हे सांगताना मला जरा अवघडल्यासारखं व्हायचं, जणू दुसऱ्याच्या घरी सुतक असताना आपण सणाची गोष्ट काढतोय. त्या दिवशी झालं नाही.

"छान," आजोबा म्हणाले. "असंही होऊ शकतं हे कुणीतरी सांगायला हवं. तू सांगत जा." आणि त्यांनी ताटली माझ्या मुलीपुढे सरकवली. "आणखी वाढ. खोबरं जास्त घाल."