दुपारची मोकळी जागा

कोणतीही जागा मोजायची म्हटली की नाना आधी तिथे बसून घेत. टेपचं चामडी डबडं शेजारी ठेवायचे, डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर अडकवायचे आणि उकिडवे बसून दहा-पंधरा मिनिटं नुसते बघत राहायचे. भर बाजारात, हातगाड्यांच्या मध्ये, एखाद्या दुकानाच्या पायरीशी, कुठेही. मी नवीन नवीन लागलेला, घड्याळाकडे पाहत ताटकळायचो. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "नाना, काही हरवलं का?"

"नही सायेब," ते म्हणाले. "कोनाच्या घरी गेलो तं आपन लगेच भिती मोजतो का? आधी बसतो, पानी पितो. मंग काय ते."

नाना जळगावच्या आमच्या नगररचनेच्या ऑफिसात चेनमन होते. म्हणजे मोजणीची साखळी आणि टेप धरणारे. ऑफिसच्या उतरंडीत त्यांच्याखाली फक्त झाडूवाला. मी आरेखक, डिप्लोमा करून साक्रीहून आलेला, त्यांच्या निम्म्या वयाचा, आणि तरी ते मला सायेब म्हणायचे. त्या शब्दात थोडी गंमत असायची हे मला फार उशिरा कळलं. नाना रोज जवळच्या असोदा गावाहून सायकलनं यायचे. सायकलच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी दोरी बांधलेली असायची, रिकामी. ती कशासाठी, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही.

ऐंशीच्या दशकातली ती शेवटची वर्षं. शहर भराभर वाढत होतं. केळीचे ट्रक, डाळीच्या गिरण्या, चहूकडे नव्या कॉलन्या, आणि हे सगळं ओढून धरणारा मधला जुना बाजार तेवढाच अरुंद. पुढच्या वीस वर्षांचा विकास आराखडा करायचं काम आमच्याकडे होतं. आधी शहर आज कसं वापरलं जातंय त्याचा नकाशा रंगवायचा: घरं पिवळी, बाजार निळा, बागा हिरव्या, मोकळी जागा कोरी. मग त्यावरून उद्याचं शहर ठरवायचं. कोऱ्या जागांवर सगळ्यांचा डोळा असतो, कारण उद्याचं सगळं तिथेच मांडायचं असतं.

शहर कसं चालतं हे मला पुस्तकानं जेवढं शिकवलं नाही तेवढं नानांनी शिकवलं. एकदा मी स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याच्या पूर्वेला छान सरळ फूटपाथ आखला. नानांनी नकाशा उलटसुलट करून पाहिला. "सायेब, याच्यावर म्हशी बसतीन." मी चिडलो. त्यांनी मला दुपारी तीनला त्या रस्त्यावर नेऊन उभं केलं. उन्हाळ्याचे दिवस. माणूस न् माणूस पश्चिमेच्या भिंतींना चिकटून चालत होता. "आपल्याकडे मानूस रस्त्यानं चालत नही," नाना म्हणाले, "सावलीनं चालतो." मी मुकाट्यानं खोडरबर काढला.

जुने नकाशे आणायला आम्ही दोघं एकदा धुळ्याला गेलो होतो. धुळ्याचा आखीव भाग मला भारी आवडायचा, एकमेकांना काटकोनात छेदणारे रस्ते. नाना चौकातच बसले. शेजारचा चहावाला कौतुकानं म्हणाला, "आठे बठ्ठा रस्ता सरय शेतस भाऊ, चुकाले जागाच नही." म्हणजे इथले सगळे रस्ते सरळ, चुकायला जागाच नाही. नाना हसले. परतीच्या गाडीत मला म्हणाले, "चुकाले जागा पाह्यजेच सायेब. न चुकता कोनाले काय सापडलं?"

नानांचा एकच हट्ट होता. जागेला तीन वेळा भेटायचं. सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर. "एकदा भेटून मानूस समजत नही तं जागा कशी समजीन?" आमच्या मोठ्या साहेबांना हे इतकं पटलं की त्यांनी पाहणीच्या फॉर्मवर एक नवा रकानाच घातला, 'भेटीच्या वेळा'. तिथे तिन्ही वेळा लिहून आरेखकानं सही करायची. चेनमनच्या सांगण्यावरून सरकारी फॉर्म बदलल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. नानांना लिहिता-वाचता बेताचंच येत होतं. पण तो रकाना कुठे आहे ते त्यांना बरोबर ठाऊक होतं. तिथे बोट ठेवून ते म्हणायचे, "हा आपला."

आता जे सांगायचं आहे ते मी इतकी वर्षं टाळत आलो.

बाजाराच्या टोकाला एका बंद पडलेल्या जिनिंगसमोर मोठं पटांगण होतं. पूर्वी तिथे कापसाच्या गाड्या उभ्या राहत. कडेला एक कडुनिंब. माझ्या वाट्याच्या शीटमधली ती शेवटची जागा. आम्ही पोचलो ते एप्रिलातल्या एका शनिवारी, दुपारी एकला. पटांगणात चिटपाखरू नव्हतं. जमिनीतून वाफा येत होत्या. नाना लिंबाखाली बसले, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग म्हणाले, "सायेब, अठी सकायी बाजार भरतो. बायका भाजी घेऊन बसता. उद्या सकायी येऊ. रविवार हाये, पन मी येतो."

पण माझी चारची धुळ्याची गाडी होती. रविवारी धुळ्याला मुलगी पाहायची ठरली होती आणि शीट सोमवारी पुढे जायची होती. नानांना मी ते आधीच सांगून बसलो होतो. म्हटलं, "नाना, भाजीवाल्या काय, आज इथे तर उद्या तिथे बसतात. मोजून घ्या." त्यांनी टेपचं टोक धरलं, मी आकडे लिहिले. जागा कोरी ठेवली. आणि एस.टी. स्टँडच्या बाकावर बसून, गाडी लागायच्या आधी, मी त्या रकान्यात लिहिलं: सकाळ, दुपार, संध्याकाळ. खाली सही केली.

सोमवारी नानांनी दोनच प्रश्न विचारले. "सायेब, जाऊन येऊ का सकायी एकडाव?" मी म्हटलं, "शीट गेली, नाना." मग त्यांनी विचारलं, "मुलगी पसंत पडली?" मी लाजून हो म्हटलं. "बरं झालं," ते म्हणाले.

महिनाभरानं साक्रीहून पहाटेच्या गाडीनं परत येताना मी त्या पटांगणावरून गेलो. चाळीस-पन्नास बायका रांगा धरून बसल्या होत्या. मेथी, गवार, भरताची हिरवीगार वांगी, एवढी मोठी की टोपलीत दहाच मावावीत. गिऱ्हाइकांची ही झुंबड. मी रस्त्याच्या पलीकडे पिशवी हातात धरून उभा राहिलो. अजून दुरुस्ती होऊ शकत होती. साहेबांना एक पत्र दिलं असतं की काम भागलं असतं. पण पत्र दिलं असतं तर रकान्यातलं खोटं उघडं पडलं असतं, नोकरीला पुरतं वर्ष झालं नव्हतं, आणि लग्नाची तारीख धरायची बोलणी चालली होती. मी खोलीवर जाऊन झोपलो. खरं सांगायचं तर झोप लागलीसुद्धा.

आराखडा जाहीर झाला. पटांगणावर आरक्षण पडलं होतं: व्यापारी संकुल व वाहनतळ. लोकांच्या हरकतींची सुनावणी लागली. तिथे भाजी विकणाऱ्या असोद्याच्या बायकांनी गावातल्या एका मास्तरांकडून अर्ज लिहून घेतला होता, खाली सगळे अंगठे. समितीचे अध्यक्ष बाहेरगावचे, निवृत्त अधिकारी, माणूस सज्जन. त्यांनी माझा फॉर्म पुढे ओढला. "इथे तर तिन्ही वेळा पाहणी झालेली आहे. जागा मोकळी. बरोबर?"

"हो सर," मी म्हणालो.

पुढे उभी असलेली एक उंच, सावळी बाई म्हणाली, "सायेब, आम्ही रोज सकायी तठीच बसतो. मंग आमचं खोटं का?"

अध्यक्षांनी इकडेतिकडे पाहिलं. भिंतीशी नाना नकाशाचं एक टोक धरून उभे होते. "तुम्ही मोजणीला होता ना? तिन्ही वेळा गेला होता?"

"मी तिन्ही येळा गेलो व्हतो सायेब," नाना म्हणाले.

"मग जागा मोकळी होती?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज न चढवता, सावकाश म्हणाले, "दुपारले मोकयी व्हती."

आणि ते थांबले. ते माझ्यासाठी थांबले होते. त्यांना मला उघडं पाडायचं नव्हतं आणि खोटंही बोलायचं नव्हतं. त्यांनी अर्धं वाक्य बोलून उरलेलं माझ्या हाती ठेवलं. मी फक्त 'आणि सकाळी?' एवढं जरी म्हटलं असतं! मी नकाशाकडे पाहत राहिलो. अध्यक्षांनी कागदावर लिहून घेतलं, 'जागा मोकळी', आणि पुढचा अर्ज घेतला.

वर्षभरात पटांगणाला पत्रे लागले, लिंब गेला, पाया खणला गेला. बायका कडेच्या रस्त्यावर बसू लागल्या, तिथून हुसकावल्या गेल्या, आणि पांगल्या. नाना मला एका शब्दानं बोलले नाहीत. माझ्या लग्नाला धुळ्याला आले, पंगतीत आग्रहानं जेवले. बदल झाला तो एवढाच, की मोजायच्या आधी बसणं त्यांनी सोडलं. जायचं, टेप धरायची, आकडा सांगायचा. एकदा न राहवून मी म्हणालो, "नाना, बसायचं नाही?"

"कशाले सायेब?" ते म्हणाले. "आकडा तं उभ्यानंही तोच येतो."

त्यांच्या सायकलची दोरीही सुटलेली होती. तो धागा जुळायला त्यांच्या निरोपसमारंभाचा दिवस उजाडावा लागला. नाना बायकोला घेऊन आले होते. उंच, सावळी बाई, नवं लुगडं. मी पाहताक्षणी ओळखलं. शिपाई माझ्या कानाशी म्हणाला, "सुभद्राअक्का. नाना रोज सकाळी सायकलवर टोपली आणून द्यायचे तिची, जिनिंगपाशी, आणि दिवे लागताना रिकामी परत न्यायचे." म्हणजे नाना तिन्ही वेळा गेले होते हे खरंच होतं. सुनावणीत नवराबायकोनं एकमेकांकडे एकदाही पाहिलं नव्हतं. ऑफिसचा माणूस, घरचं गाऱ्हाणं ऑफिसात कसं मांडणार, असा त्यांचा हिशेब असावा. मी हार घालून झाल्यावर कामाचं निमित्त काढून सटकलो.

नंतर माझी धुळ्याला बदली झाली. तिथे मी हाताखालच्यांना जागेवर तीन वेळा पाठवतो, स्वतःही जातो. लोक मला कडक आणि सचोटीचा म्हणतात तेव्हा मी विषय बदलतो. नव्वदीच्या मध्यावर जुन्या शिपायाचं कार्ड आलं, नाना गेले, महिना झाला. मी रजा टाकून असोद्याला गेलो. माफी मागायची असं गाडीत घोकत गेलो होतो.

पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. दाराला कडी. शेजारची म्हातारी ओट्यावरून म्हणाली, "दुपारले कोन घरी राह्यतं भाऊ? अक्का मजुरीले जाते केयीच्या बागात. दिवे लागल्यावर येईन." मी नानांच्या ओट्यावर बसलो. टोपी नव्हती, रुमाल गुडघ्यावर ठेवला. सहा तास बसलो.

दिवेलागणीला अक्का आल्या. विळा भिंतीला टेकवला, माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुम्ही ते नकाशावाले सायेब." पाणी दिलं. मी बोलायला लागलो, "अक्का, त्या जागेचं…"

"त्यायनं सांगतलं व्हतं मले," त्या म्हणाल्या. "तव्हाच. तुम्हाले मुलगी पाह्याले जायाचं व्हतं म्हने, गाडीची घाई व्हती." मग अगदी घरच्यासारखं विचारलं, "झालं ना लगीन?"

"झालं, अक्का. दोन मुलं आहेत."

"मंग बरं," अक्का म्हणाल्या आणि रिकामा तांब्या उचलला. "कोनाचं तरी झालं."

धुळ्याला परतल्यावर बायकोनं विचारलं, इतका उशीर का. नानांच्या घरी बसलो होतो, असं सांगितलं. बाकीचं तिला अजून सांगितलेलं नाही.